विश्लेषण : लेक्चरला मोबाइल बंद, हजेरी मात्र मोबाइलवर! कॉलेजांनी फोनचं नेमकं करायचं काय?

एखाद्या कॉलेजच्या जिन्यातला नोटीस बोर्ड नीट वाचून बघा. एका कागदावर लिहिलेलं असतं, ‘वर्गात मोबाइल वापरताना आढळल्यास जप्त करण्यात येईल’. शेजारच्याच कागदावर असतं, ‘खालील क्यूआर कोड स्कॅन करून विद्यार्थ्यांनी वर्गाच्या ग्रुपमध्ये सामील व्हावे’. दोन्हींवर सही-शिक्का एकाच प्राचार्यांचा. विद्यार्थ्यानं पहिली सूचना पाळायची की दुसरी, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

शाळांमध्ये फोन नको, यावर जगभर बऱ्यापैकी एकमत होत चाललंय. कॉलेजांचं तसं नाही. तिथले विद्यार्थी अठरा वर्षांपुढचे, मतदान करणारे. त्यातल्या अनेकांकडे फोन सोडून दुसरा संगणक नाही. त्यामुळे हा वाद वर्षानुवर्षं ‘आमच्या वेळी’ विरुद्ध ‘जमाना बदललाय’ याच पातळीवर अडकून होता. २०२५मध्ये मात्र भारतातल्याच कॉलेज विद्यार्थ्यांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष समोर आले आणि या वादाला पहिल्यांदाच भारतातल्या वर्गांमधली भक्कम आकडेवारी मिळाली. ती आकडेवारी काय सांगते आणि कुठे थांबते, ते पाहू.

प्रयोग नेमका काय होता?

पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमधले आल्प सुंगू, दिल्लीच्या जेएनयूमधले प्रदीप कुमार चौधरी आणि कोपनहेगन विद्यापीठातले आंद्रेआस बेरे-निल्सन या तिघांनी भारतातल्या उच्च शिक्षण संस्थांमधल्या जवळपास १७ हजार विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला. कल्पना साधी होती. काही वर्गांत लेक्चर सुरू होण्याआधी फोन गोळा करायचे, काही वर्गांत नेहमीसारखं चालू द्यायचं. कुठल्या गटात कोण, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, म्हणजे आधीच हुशार असलेले वर्ग एका बाजूला जमा होत नाहीत. शेवटी दोन्ही गटांचे गुण ताडून पाहायचे.

निकाल असा : फोन गोळा केलेल्या गटाचे गुण सरासरी ०.०८६ प्रमाण विचलनानं वाढले. फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. अभ्यासात मागे असलेले, पहिल्या वर्षाचे आणि विज्ञान-तंत्रज्ञानाबाहेरच्या शाखांचे विद्यार्थी यांना तो जास्त झाला. अचानक जाऊन केलेल्या पाहणीत या वर्गांमध्ये कुजबुज आणि गडबड कमी आढळली. शिक्षकही शिकवण्यात जास्त गुंतलेले दिसले. हे दुसरं निरीक्षण मला महत्त्वाचं वाटतं. समोर साठ माना खाली घातलेल्या असतील तर शिकवणाऱ्याचाही आवाज हळूहळू पडतो, हे कुणीही वर्गात बसलेला माणूस सांगेल.

आणखी एक गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटेल. ज्यांचे फोन काढून घेतले, तेच विद्यार्थी नंतर या नियमाच्या बाजूनं जास्त झुकले. ‘आपलं काहीतरी हुकतंय’ ही भावना थोडी वाढली, पण एकूण मानसिक स्वास्थ्यात किंवा दिवसभरातल्या फोनच्या वापरात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे लेक्चरला फोन नव्हता म्हणून मुलं दुःखी झाली नाहीत आणि घरी जाऊन फोनही कमी बघायला लागली नाहीत. वर्गात फोन घेतला की ‘व्यसन सुटेल’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

०.०८६ म्हणजे किती?

फार नाही. प्रमाण विचलन म्हणजे वर्गाचे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप. समजा एखाद्या विषयात ते १५ गुण आहे. मग ०.०८६ म्हणजे साधारण सव्वा गुण. दुसऱ्या भाषेत, १०० जणांच्या वर्गात बरोब्बर मधोमध असलेला विद्यार्थी तीन-चार जणांना मागे टाकेल.

सव्वा गुणासाठी एवढा खटाटोप? पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हा सव्वा गुण जवळजवळ फुकट आहे. नवीन इमारत नको, नवा प्राध्यापक नको, स्मार्ट बोर्ड नको. शिक्षण क्षेत्रात लाखो रुपये ओतूनही अनेक योजनांना एवढं यश येत नाही. दोन, ही सरासरी आहे. ज्याला ८२ मिळणार होते त्याला ८३ मिळाले तर घरी पेढेही येत नाहीत. ३९वर अडकलेल्याला ४० मिळाले तर त्याचं वर्ष वाचतं. आणि फायदा जास्त झाला तो अभ्यासात मागे असलेल्यांनाच.

शेजारच्याच्या फोननं माझं काय बिघडतं?

‘मी फोन बघतोय, नुकसान माझं. तुम्हाला काय त्रास?’ हा युक्तिवाद आमच्या शेवटच्या बाकावर फार लोकप्रिय होता. संशोधन मात्र त्याच्या विरोधात जातं.

२०१३मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एक छोटा प्रयोग केला. लेक्चर चालू असताना काही विद्यार्थ्यांना लॅपटॉपवर इतर कामं करायला सांगितली. त्यांचे चाचणीतले गुण इतरांपेक्षा ११ टक्क्यांनी कमी आले, यात नवल नाही. पण ज्यांच्या नजरेच्या टप्प्यात दुसऱ्याचा असा स्क्रीन होता, त्यांचे गुण १७ टक्क्यांनी कमी आले. स्वतः काहीच न करता! प्रयोगात विद्यार्थी थोडे होते, त्यामुळे आकड्यांना फार चिकटून बसू नये. तरी दिशा स्पष्ट आहे. पुढच्या बाकावर कुणी रील सरकवत असेल तर डोळा तिकडे जातोच. हलणारी, चमकणारी गोष्ट बघणं ही आपल्या मेंदूची जुनी खोड आहे.

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातला २०१८मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी खोलात जातो. अर्नोल्ड ग्लास आणि मेंगशुए कांग यांनी ११८ विद्यार्थ्यांच्या एकाच अभ्यासक्रमात काही लेक्चरना फोन-लॅपटॉपची परवानगी दिली, काहींना नाही. लेक्चर संपता संपता घेतलेल्या छोट्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. फरक दिसला सत्राच्या शेवटी. उपकरणांची मुभा असलेल्या लेक्चरमधला भाग परीक्षेत आला तिथे गुण घसरले. ज्यांनी त्या लेक्चरला उपकरण हातातही घेतलं नव्हतं, त्यांचेही.

हा धडा गैरसोयीचा आहे, कारण तो लगेच जाणवत नाही. लेक्चर ऐकत, मधूनच मेसेज बघत बसलं तर ‘सगळं कळलं’ असंच वाटतं. आणि त्या क्षणी खरंच कळलेलं असतं. ते टिकलं नाही, हे परीक्षा हॉलमध्ये कळतं.

आता कुणी म्हणेल, शिस्तीचा प्रश्न आहे, मुलं नीट असतील तर काही होत नाही. वेस्ट पॉइंटपेक्षा शिस्तीची जागा कुठली? अमेरिकी लष्कराच्या या अकादमीत अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात लॅपटॉप-टॅबलेटला मुभा असलेले आणि नसलेले वर्ग ताडून पाहिले गेले. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुभा असलेल्या वर्गांचे गुण सुमारे ०.१८ प्रमाण विचलनानं कमी निघाले. टॅबलेट बाकावर आडवाच ठेवायचा, शिक्षकाला स्क्रीन दिसला पाहिजे, अशी अट घातलेल्या वर्गांतही परिस्थिती फारशी वेगळी नव्हती.

म्हणजे सगळं संशोधन बंदीच्याच बाजूनं आहे का?

नाही. आणि इथे थोडं सावध राहायला हवं, कारण व्हॉट्सॲपवर फिरणारे दोन प्रसिद्ध दाखले पुढच्या तपासणीत डळमळीत झालेत.

पहिला, ‘हातानं लिहिलं की जास्त लक्षात राहतं’ हा. २०१४मध्ये पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांच्या शोधनिबंधानं तो जगभर पोहोचवला. लॅपटॉपवर टाइप करणारे शब्दशः उतरवतात, हातानं लिहिणारे समजून घेऊन लिहितात, त्यामुळे संकल्पनांच्या प्रश्नांत ते सरस ठरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१९ आणि २०२१मध्ये इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला. टाइप करणारे शब्दशः उतरवतात हे खरं निघालं. हातानं लिहिणाऱ्यांच्या गुणांतली ठोस आघाडी मात्र सापडली नाही.

दुसरा, ‘फोन नुसता बाकावर पडलेला असला तरी बुद्धी कमी चालते’ हा. टेक्सास विद्यापीठातल्या २०१७च्या, सुमारे ८०० जणांवरच्या अभ्यासातून तो आला. नंतरच्या तपासण्यांत हा परिणाम कधी दिसला, कधी नाही.

थोडक्यात, वर्गात फोनवर भलतंच बघितलं तर नुकसान होतं, याचा पुरावा बराच पक्का आहे. फोनमध्येच काहीतरी जादूटोणा आहे, याचा नाही. धोरण ठरवताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

मग सरळ बंदी घालायला अडचण काय?

अडचण अशी की कॉलेजनं स्वतःच सगळा कारभार फोनवर नेऊन ठेवलाय.

हजेरीचा कोड फोनवर. नोट्सची पीडीएफ फोनवर. लेक्चर रद्द झाल्याचा निरोप फोनवर, तोही लेक्चरच्या दहा मिनिटं आधी. ‘महाडीबीटी’वर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर ओटीपी फोनवर. २०२१मध्ये सुरू झालेल्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं डिजिलॉकरमार्गे, तेही फोनवर. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवरून पूर्ण करता येतात. ‘स्वयम्’चे व्हिडिओ विद्यार्थी बघणार कशावर?

लॅपटॉपवर, असं उत्तर देण्याआधी आकडे बघा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या ७५व्या फेरीत देशातल्या ग्रामीण भागातल्या जेमतेम ४.४ टक्के घरांत संगणक होता. शहरी भागात २३.४ टक्के घरांत. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ आणि शहरी भागात ४२ टक्के घरांना होती. यातला इंटरनेटचा आकडा पुढच्या सात वर्षांत पार पालटला. २०२५च्या सुरुवातीला झालेल्या सरकारी दूरसंचार सर्वेक्षणात देशातल्या ८५.५ टक्के घरांत किमान एक स्मार्टफोन आणि ८६.३ टक्के घरांत इंटरनेट असल्याचं दिसलं. घराघरात जे इंटरनेट पोहोचलं ते मुख्यतः खिशातून.

तालुक्याच्या ठिकाणी एसटीनं येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुलीचा विचार करा. फोन हा तिचा संगणक, तिचं ग्रंथालय, तिची बस आली की नाही हे विचारायचं साधन आणि ‘पोचले’ असं घरी कळवायचं साधन. अनेक घरांत तर ‘फोन जवळ असेल तरच लांबचं कॉलेज’ अशी अट असते. तिचा फोन गेटवर जमा करून दिवसभर कपाटात ठेवणं आणि फक्त लेक्चरच्या पन्नास मिनिटांसाठी बाजूला ठेवायला सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या नोटिशींमध्ये मात्र दोन्हींसाठी एकच शब्द असतो : बंदी.

भाषेचाही पेच आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पहिल्या वर्षाला इंग्रजी लेक्चरमध्ये बसलेला विद्यार्थी एक शब्द अडला की फोनवर अर्थ बघतो. बोर्डवरचं भराभर पुसलं जाणारं गणित तो फोटोत पकडतो. त्याच्यासाठी फोन ही कुबडी नाही, दुभाषा आहे. आणि गंमत बघा, १७ हजारांच्या प्रयोगात फोन नसण्याचा फायदा जास्त कुणाला झाला? पहिल्या वर्षाच्या आणि मागे पडलेल्यांना. म्हणजे बऱ्याच अंशी यालाच. फोनची गरजही त्यालाच जास्त आणि फोननं नुकसानही त्याचंच जास्त. या वादात कुठलीही एक बाजू पूर्ण पटत नाही ती यामुळे.

थोडं स्वतःचं

मी २०१५ला इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला तेव्हा महिन्याला एक जीबीचा पॅक मारायचो आणि तो जपून वापरायचो. वर्गात फोन होताच, पण त्यावर बघण्यासारखं फार नव्हतं. ५ सप्टेंबर २०१६ला, म्हणजे नेमक्या शिक्षक दिनी, जिओ सुरू झालं. सिमसाठी आम्ही रांगेत उभे राहिलो आणि मग ३१ मार्च २०१७पर्यंत सगळं फुकट. त्या सत्रात शेवटच्या तीन बाकांवर काय चालायचं हे वेगळं सांगायला नको. कसोटी सामने, सिरीज, एकमेकांना शेजारी बसून पाठवलेले मीम्स.

निकाल लागला तेव्हा माझा एम-थ्री राहिला होता. इंजिनीअरिंग केलेल्यांना एम-थ्री म्हणजे काय ते माहीत आहे. इतरांसाठी, तिसरं गणित, लाप्लास आणि फुरिए वगैरे. पुढच्या सत्रात तो विषय सुटला तो यूट्यूबवरची लेक्चर्स बघून. दीडपट वेगानं, होस्टेलच्या गच्चीवर, त्याच फोनवर, त्याच सिमवर. राहिला तोही फोनमुळे आणि सुटला तोही फोनमुळे, असं मी मित्रांना सांगतो. अर्थात राहायचं एकमेव कारण फोन नव्हता, हे घरच्यांना आणि मला दोघांनाही माहीत आहे.

सरकारनं स्वतःच टॅबलेट दिला होता, त्याचं काय झालं?

विद्यार्थ्याच्या हातात इंटरनेटचं उपकरण द्यायचं स्वप्न आपल्याकडे जुनं आहे. ५ ऑक्टोबर २०११ला तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत ‘आकाश’ टॅबलेट सादर केला. सात इंची स्क्रीन, सरकारला पडणारी किंमत साधारण सव्वादोन हजार रुपये. ‘जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट’ म्हणून परदेशी माध्यमांनीही दखल घेतली.

आत काय होतं? ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोट दाबून चालवावा लागणारा स्क्रीन. ज्यांनी तो हाताळला त्यांनी संथपणाच्या तक्रारी केल्या. पुढे प्रकल्पाची सूत्रं आयआयटी मुंबईकडे आली. प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली आकाशसाठी शैक्षणिक ॲप्स तयार झाली. त्यात वर्गात प्रश्न विचारून सगळ्यांची उत्तरं एकदम गोळा करणारं ‘क्लिकर’ही होतं. नोव्हेंबर २०१२मध्ये सुधारित ‘आकाश-२’ आला. पण पुरवठा रखडला, वाद झाले आणि तोवर बाजारात खासगी कंपन्यांचे स्वस्त अँड्रॉइड फोन आले. सरकारला जमलं नाही ते काम काही वर्षांत बाजारानं करून टाकलं. एक फरक मात्र राहिला. आकाशवर काय असावं हे शिक्षक मंडळी ठरवत होती. खिशातल्या फोनवर काय असावं हे ज्यांना आपलं लक्ष विकून पैसे मिळतात, ते ठरवतात.

फोन शिकवण्यासाठी खरंच वापरता येतो?

येतो, पण त्यातला फोनचा वाटा किती हा प्रश्न आहे.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१मध्ये लेक्चर देण्याची पद्धत बदलली. थोडं शिकवायचं, मग एक बहुपर्यायी प्रश्न टाकायचा. प्रत्येकानं आपलं उत्तर द्यायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. उत्तरं जमवायला पुढे ‘क्लिकर’ नावाचे छोटे रिमोट आले आणि आता ते काम फोन करतो. अशा पद्धतीनं शिकवण्याचा फायदा दणदणीत आहे. २०१४मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवी वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. नुसतं लेक्चर असलेल्या वर्गांत नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के होतं. विद्यार्थ्यांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होतं.

पण २००८मध्ये कॅनडातल्या एका कॉलेजात मझूर यांचीच पद्धत दोन प्रकारे वापरून पाहिली गेली. एका गटाला क्लिकर, दुसऱ्याला अ-ब-क-ड लिहिलेले पुठ्ठ्याचे कार्ड. शिकण्यात फरक पडला नाही. प्रश्न चांगला असला की झालं. उत्तर पुठ्ठ्यावर दाखवा नाहीतर पन्नास हजारांच्या फोनवर.

मग फोनचा उपयोग कुठे? मोजदाद आणि नोंद ठेवण्यात. १२० जणांच्या वर्गात कुणाला काय येत नाही हे पुठ्ठे मोजून कळणार नाही. आयआयटी मुंबईतल्या संगणकशास्त्र विभागात तयार झालेलं ‘सेफ’ हे ॲप याच गरजेतून आलं. विद्यार्थ्याच्याच फोनवर, वर्गातच, देखरेखीखाली चाचणी घ्यायची आणि चाचणी चालू असताना त्याला दुसरीकडे वळता येऊ नये, हा त्यामागचा विचार.

हे सगळं करायला आधी नेटवर्क लागतं आणि इथेच बहुतेक हौशी शिक्षकांचा उत्साह मावळतो. स्टाफरूममध्ये झक्क चालणारं वाय-फाय वर्गात का दगा देतं? वाय-फायचा एक ॲक्सेस पॉइंट म्हणजे एकच माइक असलेली ग्रामसभा समजा. एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं. बोलण्याआधी प्रत्येक फोन कानोसा घेतो, कुणी बोलत नाहीये ना? दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं आणि दोघं थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतात. चार फोन असतील तर हे कळतही नाही. ‘आता सगळ्यांनी लिंक उघडा’ म्हटलं की ऐंशी फोन एकदम माइककडे धावतात. त्यात एखादा जुना, कोपऱ्यात बसलेला, सिग्नल कमी असलेला फोन असला की तो सावकाश बोलतो आणि तोवर बाकीचे खोळंबतात.

साधा हिशेब करा. प्रश्नांचं पान २ एमबीचं आणि विद्यार्थी ८०, म्हणजे १६० एमबी. गर्दीत प्रत्यक्ष मिळणारा वेग सेकंदाला २० मेगाबिट धरला तर सगळ्यांपर्यंत पान पोचायला मिनिटाहून जास्त लागतं. तोवर निम्म्यांनी इन्स्टाग्राम उघडलेलं असतं. वाय-फाय ६मध्ये यावर काही उपाय आहेत, पण कॉलेजच्या भिंतीवरचा डबा आणि विद्यार्थ्याचा फोन दोन्ही नवे हवेत. त्यापेक्षा प्रश्न बोर्डवर लिहावा आणि फोनवर फक्त अ-ब-क-डचा साधा फॉर्म ठेवावा, हे जास्त शहाणपणाचं. चित्रं, लोगो, कॉलेजचं बोधवाक्य फॉर्ममध्ये घालू नये. पान जितकं हलकं तितका वेळ वाचतो.

जॅमर लावला तर?

हा पर्याय दर वर्षी कुणीतरी सुचवतंच. कॉलेजनं स्वतःच्या मर्जीनं जॅमर लावणं बेकायदा आहे. त्यासाठी सरकारची परवानगी लागते. शिवाय सिग्नल भिंत ओळखत नाही. शेजारच्या दवाखान्याचा फोन बंद पडला तर जबाबदार कोण?

मग वर्गात उद्या काय करता येईल?

संशोधन आणि परिस्थिती दोन्ही बघता माझं मत असं : नियम फोनवर नको, लेक्चरच्या वेळेवर हवा. शिकवणं चालू आहे तेवढा वेळ फोन हाताच्या टप्प्याबाहेर. नुसता सायलेंट किंवा उलटा ठेवलेला चालणार नाही. काम सांगितलं की सगळ्यांनी एकदम काढायचा आणि काम संपलं की परत ठेवायचा. कधी काढायचा हे ॲपच्या नोटिफिकेशननं न ठरवता शिक्षकानं ठरवायचं. सुरुवात पहिल्या वर्षापासून करावी, कारण फायदा तिथे जास्त आहे आणि सवयही तिथेच लागते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना अचानक सांगितलं तर फक्त भांडणं होतील.

यात कॉलेजच्या वाट्याचंही काही आहे. लेक्चर चालू असताना ग्रुपवर सूचना टाकणं थांबवायचं. बोर्डचा फोटो लेक्चर संपल्यावर शिक्षकानंच टाकायचा, म्हणजे ‘फोटो काढायला’ म्हणून साठ फोन वर येत नाहीत. अवघड इंग्रजी शब्दांची मराठी अर्थासह छोटी यादी आधी दिली तर शब्द बघायलाही फोन लागणार नाही. घरून तातडीचा फोन येऊ शकतो, तर ऑफिसचा एक क्रमांक पालकांना द्यायचा आणि तो उचलायला माणूस बसवायचा. या शेवटच्या गोष्टीवर बहुतेक कॉलेजांची गाडी अडेल, असा माझा अंदाज आहे. फोन जप्त करायला माणसं मिळतात, उचलायला मिळत नाहीत.

आणि नियम शिक्षकालाही लागू हवा. लेक्चरमध्ये स्वतःचा फोन वाजला की ‘एक मिनिट हां’ म्हणत बाहेर जाणारे सर सगळ्यांनीच पाहिलेत.

गोळा करायची सोय अगदी साधी असू शकते. भिंतीवर टांगलेलं, रोल नंबर लिहिलेल्या कप्प्यांचं कापडी पाकीट पुरतं. ते दारापाशी न लावता फळ्याशेजारी, सगळ्यांच्या नजरेसमोर लावावं. फोन दिसत राहिला की चोरीची धास्ती कमी होते. फोन हरवला किंवा पडून फुटला तर भरपाई कुणाची, हे सत्राच्या पहिल्याच दिवशी लेखी सांगावं, कारण महागडा फोन असलेला विद्यार्थी पहिला प्रश्न हाच विचारणार.

शिवाय मोजणीवर विसंबू नये. आमच्या वेळी क्लास टेस्टला फोन टेबलावर जमा करायला लावायचे. मॅडम मोजायच्या, संख्या बरोबर भरायची. त्या ढिगात चार-पाच फोन असे असायचे की ज्यांची बॅटरी शेवटची कधी चार्ज झाली ते मालकालाही आठवत नसे.